जुन्या वाटेनं जोडलेली

त्या शनिवारी शनिदेवाला तेल वाहून घरी आले, तेव्हा डोक्यात एवढंच होतं की बाळाच्या झोळीसमोर कॅमेरा लावायचा. माझा ओंकार चाकणला कंपनीत असतो. लेकीला पाहायला जीव तुटतो, म्हणून त्यानंच तो पाठवला होता.

बाळ जन्मलं तेच फार हलकं. सुनेची, अश्विनीची, आधीची लेक जन्मली तशीच गेली होती. नावही ठेवलं नव्हतं. शेताच्या बांधाजवळ तिला मातीआड केलं. म्हणून या बाळासाठी मी सोळा सोमवार धरले. महादेवानं पदरात घातलं, पण दूध ओढायची ताकद काही घातली नाही. डॉक्टर म्हणाले, वजन वाढलं तरच काही खरं.

कॅमेरा काही वायफायला जोडेना. ओंकारला फोन लावला, तर तो म्हणाला, आपला नवा डबा वेगवान लहरींवर चालतो आणि त्या या कॅमेऱ्याला कळत नाहीत. त्याला जुन्या, संथ लहरीच लागतात. त्या आपण बंद करून ठेवल्यात, चालू करा. अश्विनी हसली. म्हणाली, वस्तू नवी अन् वाट जुनी.

दिवेलागण झाली होती. तिनं मोबाईलवरून ती जुनी वाट उघडली, आणि कॅमेरा लगेच जोडला गेला. मोबाईल माझ्या हातात देऊन ती वात लावायला गेली. तेवढ्यात त्यावर अक्षरं उमटली. एक नवीन उपकरण जोडले जाऊ इच्छिते. परवानगी द्यायची?

तुम्ही म्हणाल, सुनेला विचारायचं तरी. पण आमच्या शिंगणापुरात घरांना दारं नसतात. उंबऱ्यावर पडदा असतो. येणारा बाहेरून हाक देतो, आतला 'या' म्हणतो, कोण आलं ते मग बघायचं. त्यातून दिवेलागणीला आलेल्या माणसाला नाही कसं म्हणावं? मी 'हो' दाबलं आणि सवयीनं तोंडानंही म्हणाले, "या."

पडदा हलला. वारा अजिबात नव्हता. वैशाखाच्या त्या कोरड्या घरात नुकत्याच उकरलेल्या ओल्या मातीचा वास आला... आणि झोळीपाशी जाऊन थांबला.

मोबाईलवर जोडलेल्या वस्तूंची नावं दिसत होती. आमचे दोघींचे फोन, कॅमेरा, आणि खाली एक नाव. राजनंदिनी. शेजारच्या कुणाचा फोन असेल म्हणून मी अश्विनीला दाखवलं. तिनं त्या नावावर बोट टेकवलं.

"आई... हे नाव मी मनातच ठेवलं होतं. तिच्यासाठी. ह्यांनाही कधी सांगितलं नाही."

शिवाचं नाव घेत मी ते उपकरण काढून टाकलं. मातीचा वास गेला. पण बाळानं दूध सोडलं. चमच्यानं घातलेलंही ओठांतून ओघळायचं. सकाळपर्यंत त्याचे ओठ निळसर दिसायला लागले, आणि आम्ही दवाखान्यात न्यायला निघालो तोच मोबाईलवर पुन्हा तोच प्रश्न आला.

अश्विनीनं माझ्यापुढे हात जोडले. "येऊ द्या आई. आपलीच आहे ना ती."

मी 'हो' दाबलं. या खेपेला तोंडानं काही बोलले नाही. पदराखाली बाळ चुटूचुटू दूध ओढू लागलं.

मग दिवस चांगले आले. गावातली आशासेविका राहीबाई वजन करायला यायची. आमच्याच झोळीचं कापड टांगत्या काट्याच्या हुकाला अडकवून बाळाला त्यात ठेवायची. दर खेपेला काटा पुढे. "लई बाळसं धरलंय वैनी, तुमचा उपास फळाला आला बगा," म्हणायची. मी उद्यापनाचं ठरवून टाकलं.

गेल्या आठवड्यात लस टोचायला राहुरीला गेलो. तिथल्या वजनकाट्यावर बाळ ठेवलं, तर डॉक्टरांनी अश्विनीकडे पाहिलं. हळूच विचारलं, "दूध पाजताय ना?" बाळ जन्मलं तेव्हा होतं तेवढंच भरत होतं.

राहीबाईला सांगितलं तर ती चिडली. काटा नवा हाय, तिकडचाच बिघडला असंल, म्हणाली. तरी खात्रीसाठी तिनं बाळ अश्विनीच्या हातात दिलं आणि आधी नुसतं कापडच काट्याला अडकवलं.

मी महादेवावर भार टाकून आहे. येत्या सोमवारी उद्यापनही करणार आहे. पण ते रिकामं कापड ताण बसून खाली आलं, आत कुणी निजल्यासारखं गोल झालं... आणि राहीबाईनं आकडा वाचला नाही. तिनं काटा तसाच लटकत सोडला आणि पडदा सारून निघून गेली.