मार्सेलला जोडणारी तार

"ईदनंतर बघू," खिडकीतल्या बाईंनी इंटरनेटच्या तक्रारीचा कागद दुर्राकडे परत सरकवला.

"ईदला अजून नऊ दिवस आहेत हो! माझे काका तोवर..." दुर्राने कागद पुन्हा आत सरकवला.

"मग काकांना फोन करा."

"त्यांना ऐकू येत नाही. माझ्या बाबांनाही नाही."

बिझर्त या बंदरगावच्या टेलिफोन कचेरीतली रांग तिच्याकडे बघू लागली. दुर्रा मागे वळली, तशी मागच्या माणसाने हलकेच विचारलं, "मोडेमवरचा दुसरा दिवा लागतो?"

"लुकलुकतो... आणि विझतो."

"म्हणजे कॉम्प्युटर ठीक असणार. दुखणं तारेत आहे. येऊ का बघायला?"

त्याचं नाव मुईझ. बंदरातल्या बोटींचे रेडिओ दुरुस्त करायचा. ओळख ना पाळख — तरी दुर्रा "या" म्हणून गेली.

गोष्ट २००८च्या नोव्हेंबरातली. दुर्राचे बाबा बशीर आणि त्यांचे थोरले भाऊ अम्मार, दोघेही जन्मापासून बहिरे. अम्मार चाळीस वर्षं समुद्रापलीकडे मार्सेलला होते. आता तिथल्या इस्पितळात शेवटचे दिवस मोजत होते. रोज दुपारी कॅमेऱ्यासमोर बसून दोघे भाऊ हातांनी बोलायचे. चार दिवसांपूर्वी इंटरनेट गेलं. तेव्हापासून बाबा काळ्या पडद्यासमोर नुसते बसून असत, हात मांडीवर ठेवून.

मुईझने मोडेम बंद करून पुन्हा लावला. वायर बदलून पाहिली. मग मोडेम उचलून थेट दारापाशी, जिथून तार घरात येत होती तिथे जोडला. तिथेही दिवा विझलाच.

"घरातलं सगळं धड आहे. गच्चीवर तारेच्या जोडाची पेटी असेल ना?"

गच्चीवर बारीक पाऊस लागला होता. पेटीतलं तांबं खाऱ्या वाऱ्याने हिरवं पडलं होतं. मुईझ चाकूने ते खरवडू लागला. दुर्राने त्याच्या डोक्यावर छत्री धरली.

"माझ्यावर नको, तारेवर धरा."

"पण तुम्ही भिजताय!"

"मी गंजत नाही."

चार दिवसांत पहिल्यांदाच दुर्राला हसू फुटलं.

खाली आले तर दिवा स्थिर जळत होता. पडद्यावर अम्मारचा ओढलेला चेहरा उमटला आणि बाबांचे दोन्ही हात एकदम वर गेले... मुईझ दारातच थबकला. मग चपला घालून निघालाच. दुर्रा जिन्यापर्यंत धावली.

"अहो, कॉफी तरी!"

"पुन्हा तुटली तर बोलवा."

"आणि नाही तुटली तर?"

तो पायरीवर थांबला. "तर... उगीच येईन."

आणि तो आला. दर दोन दिवसांनी, धडधाकट तार तपासायला. ईदनंतर तिसऱ्या दिवशी अम्मार गेले. शेवटी त्यांची फक्त बोटं हलत होती. बाबांना तेवढं पुरत होतं. मुईझ समाचाराला आला, कोपऱ्यात बसून गेला.

मृत्यूनंतरचा चाळिसावा दिवस उलटल्यावर एका दुपारी तो बाबांसमोर येऊन बसला. शर्ट नवा, चेहरा उतरलेला.

"दुर्रा, बाबांना सांगा..."

"काय?"

"की मला त्यांच्या मुलीशी लग्न करायचंय."

दुर्राने हात उचलले — आणि ते हवेतच राहिले. डॉक्टरांचं, दुकानदाराचं, साऱ्या जगाचं बोलणं तिने आजवर बाबांपर्यंत पोचवलं होतं. स्वतःविषयीचं कधीच नाही. 'काय म्हणतो तो?' बाबांनी खुणेने विचारलं. तिने सांगितलं.

बाबा मुईझकडे वळले. मग त्यांचे हात हळूहळू हलले. दुर्रा ते मुईझला सांगू लागली.

"बाबा म्हणतात... भाऊ गेला. माझ्याशी बोलणारी ही एकटीच उरली. हिला नेलंस, तर मी कुणाशी बोलू?"

मुईझ पुढे सरकून बसला. म्हणाला, "सांगा त्यांना, मी इथेच येऊन राहतो. आणि बोलायला शिकतो. वेळ लागेल... पण शिकेन."

तिने सांगितलं. बाबांनी एकच विचारलं, 'आणि तू?' एवढं विचारून त्यांनी डोळे मिटून घेतले. आता त्या खोलीत जे बोललं जाईल ते फक्त दुर्रा आणि मुईझचं होतं.

दुर्राने मुईझचा राठ हात आपल्या हातात घेतला, त्याची बोटं एकेक करून वळवली.

"हा पहिला शब्द," ती पुटपुटली. "याचा अर्थ — हो. बाबांनी डोळे उघडले की तुम्हीच सांगा त्यांना."