दुसरी पिशवी

दिवे गेलेत तर जाऊ देत, मेणबत्ती शोधत बसू नका. गच्चीवर वारा आहे, सतरंजी आहे, अजून काय पाहिजे? आणि ए धाकट्या, तो मोबाईल उलटा ठेव. खालून उजेड पडला की तूच भूत दिसतोस.

भुतं असतात असं मी कधी म्हटलेलं नाही. सगळा जन्म रक्तपेढीत गेला माझा. काचपट्टीवर जे दिसेल ते खरं, बाकी सगळं गावगप्पा, असं मानणारा मी माणूस. त्यामुळे हे सांगतोय ते माझ्या बाबतीत झालं असंही म्हणत नाही. झालं ते बर्फ्याच्या बाबतीत. शेवटचं तेवढं मी पाहिलं.

बर्फ्या आमच्याच इस्पितळात होता, संशोधनाच्या इमारतीच्या तळघरात. रक्ताच्या कॅन्सरच्या रोग्यांना द्यायच्या पेशी तिथे टाक्यांमध्ये गोठवून ठेवत. टाकीचं झाकण उचललं की पांढरा धूर पायांवर सांडायचा. त्यात उघडा हात घातला तर हातावर पाणी सोडायचं, इतकं ते गार. म्हणून त्याचं नाव बर्फ्या. स्वभावानं मात्र एकदम ऊबदार माणूस. सगळ्या जगाला दादा, ताई.

तुम्हाला समजावं म्हणून थोडक्यात सांगतो. रक्त तयार होतं हाडांच्या आतल्या मगजात. कॅन्सर झाला की तो मगजच नासतो. मग डॉक्टर काय करतात, जालीम औषधं देऊन तो जुना मगज पार मारून टाकतात, आणि दुसऱ्या कुणाच्या तरी चांगल्या मूळपेशी शिरेतून आत सोडतात. त्या आपल्या आपण वाट काढत हाडांत जाऊन बसतात. पण एकदा जुनं मारलं आणि नवं आलं नाही, तर माणूस गेलाच म्हणून समजा. मागे फिरायला जागा नसते.

तर असा एक मुलगा होता. पंचविशीतला, शिडशिडीत. त्याच्याशी पेशी जुळल्या फक्त मोठ्या बहिणीच्या. आणि त्या बहिणीला बापानं घराबाहेर काढलेलं. का, तर तिनं स्वतःच्या मनानं लग्न केलं. तिचा फोटोसुद्धा भिंतीवरून उतरवला होता म्हणे. पण पोराच्या जिवावर बेतलं तेव्हा बरोबर तिचा नंबर सापडला!

ती आली. एका शब्दानं तक्रार केली नाही. पाच दिवस इंजेक्शनं घेतली. त्यानं हाडं अशी ठणकतात की माणसाला पाठ टेकवत नाही. मग चार तास यंत्राजवळ पडून राहिली, दोन्ही हातांत सुया. एका हातातून रक्त बाहेर, पेशी वेगळ्या काढायच्या, उरलेलं दुसऱ्या हातातून परत आत. पेशी भरपूर निघाल्या, दोन पिशव्या झाल्या. एक भावाला लावली, एक बर्फ्याच्या टाकीत राखून ठेवली. बाप तेवढा वेळ खाली गाडीत काच वर करून बसलेला. भावाला भेटू का, असं तिनं विचारलं तर म्हणाला, ‘त्याला बाधा होईल.’ मास्क लावून भेटता येतं, नर्सबाईंनी सांगितलं. तरी नाहीच. कापूस दंडावर दाबत ती एकटी रिक्षानं गेली.

मला तेव्हाच किळस आली होती. रक्त, पू, ओकारी, सगळं पाहिलंय मी. त्याची नाही येत. अशा माणसांची येते.

मुलगा बरा झाला. पण वर्ष उलटायच्या आत पहिल्या पिशवीचा जोर ओसरला. रक्त बनेना. डॉक्टरांनी ठरवलं, दुसरी पिशवी काढायची. पुन्हा ती जालीम औषधं दिली, पुन्हा सगळा मगज मारला. आता त्या पोराचा जीव होता बर्फ्याच्या टाकीतल्या एका पिशवीत. दुसरी कुठे मिळणार नव्हती.

डिसेंबरातला दुसरा शनिवार. दिवसभर पोराचा ताप उतरेना, म्हणून काम रात्रीवर गेलं. साडेअकराला वॉर्डातून फोन आला, ‘घेऊन या.’ बर्फ्यानं जाड हातमोजे चढवले, पिशवी काढली, धूर निघणाऱ्या डब्यात ठेवली, डबा ढकलगाडीवर. तळघरातून वॉर्डाच्या इमारतीकडे एक लांब बंद बोळ जातो. तिथून निघाला. रोजचंच काम. शीळसुद्धा घालत होता, असं त्यानंच मला सांगितलं.

लिफ्टपाशी एक बाई उभी होती. अंगात इस्पितळाचा झगा. केस मोकळे, ओले. दोन्ही कोपरांच्या आत कापूस आणि त्यावर चिकटपट्टी.

आता बर्फ्याची एक सवय सांगतो. दात्यांचे चेहरे त्याच्या कधी लक्षात राहिले नाहीत, शेकड्यांनी येतात. पण दोन्ही कोपरांना कापूस म्हणजे पेशी देऊन आलेलं माणूस, हे तो लांबून ओळखायचा. अशा माणसाला तो कधी अडवायचा नाही. म्हणायचा, यांच्या जिवावर आपलं दुकान चालतं.

ती म्हणाली, ‘दादा, आता तरी भेटू देतील का त्याला?’

बर्फ्याचं लक्ष डब्याच्या तापमानाच्या काट्यावर. तो म्हणाला, ‘मास्क लावा ताई, आणि चला की माझ्याबरोबर. कोण अडवतंय बघतो.’

वर जाताना लिफ्टमध्ये गारठा होता. डब्याचा असेल, असं त्याला वाटलं.

खोली काचेच्या दाराची. बाहेरचं माणूस आतल्याशी बोलतं ते दाराजवळच्या स्पीकरवरून. ती दाराबाहेर थांबली, बर्फ्या आत गेला. आत रोगी, त्याची आई, नर्सबाई आणि एक तरुण डॉक्टरीणबाई. बाप कोपऱ्यात खुर्चीवर, मास्क हनुवटीखाली ओढलेला. एवढंही पाळवत नव्हतं त्या माणसाला.

कोमट पाण्याचं भांडं तयार होतं. त्यात पिशवी सोडायची, दोन-चार मिनिटांत वितळते. वितळली की लगेच शिरेत लावायची, उशीर केला तर पेशी मरतात.

पिशवी पाण्यात सोडली.

पाच मिनिटं झाली. वितळेना.

डॉक्टरीणबाईंनी पाणी तपासलं, बरोबर कोमट होतं. दहा मिनिटं झाली. पिशवी दगडासारखी. उलट पाण्यावर कडेनं पातळ पापुद्रा धरायला लागला होता. नर्सबाई बर्फ्याकडे बघायला लागल्या, बर्फ्या डॉक्टरीणबाईंकडे.

तेव्हा बाप काय म्हणाला असेल? म्हणाला, ‘तिची वस्तू तिच्यासारखीच. आडमुठी.’

बर्फ्याला राहवलं नाही. ‘अहो, असं काय बोलता? त्या ताई बाहेर उभ्या आहेत, ऐकतील.’

‘कोण ताई?’ आईनं विचारलं.

‘यांची बहीण. पेशी दिलेल्या. कोपरांना कापूस आहे बघा.’

आईच्या हातातला रुमाल खाली पडला.

‘ती गेली हो,’ आई म्हणाली. ‘बाळंतपणात. दोन महिने झाले.’

पलंगावरून पोराचा आवाज आला. ‘ताई गेली?’ त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. ‘आई... ताई गेली?’

‘तुला त्रास नको म्हणून,’ बाप म्हणाला.

‘कशानं गेली?’

‘रक्त फार गेलं रे,’ आई म्हणाली. ‘तिच्या गटाचं वेळेत मिळालं नाही म्हणे.’

बाप उठला. ‘हे आत्ता बोलायचं आहे का? व्हा बाजूला.’ त्यानं बाही सारली आणि उघडा हात पाण्यात घालून पिशवी धरली. दाबून वितळवणार होता.

ओरडला तो. तसं ओरडणं बर्फ्यानं कधी ऐकलं नव्हतं. कोमट पाणी होतं हो ते, नर्सबाईंची बोटं होती त्यात मघापर्यंत! पण ह्याचा तळहात पिशवीला चिकटला. ओढला तसा सुटला... पण नुसता हात सुटला. कातडी पिशवीच्या वरच्या वेष्टनावरच राहिली. पांढरी, सुरकुतलेली, दुधावरच्या सायीसारखी. पाणी गुलाबी झालं.

मग स्पीकर खरखरला.

दाराच्या काचेवर बाहेरून वाफ धरली होती. तोंडाच्या उंचीवर. येत होती... जात होती.

स्पीकरमधून आवाज आला. हळू.

‘आई... तुझं रक्त चाललं असतं.’

बस. एवढंच.

आई दाराकडे बघत राहिली. मग नवऱ्याकडे वळली.

‘फोन आला होता?’

बाप हाताला रुमाल गुंडाळत होता.

‘जावयाचा फोन आला होता का? माझं रक्त मागायला?’

‘रात्रीची वेळ होती,’ तो म्हणाला. ‘तू झोपली होतीस.’

बर्फ्यानं मान वळवली. बापाच्या हाताकडे बघून नाही. तोंडाकडे बघून.

पोरगा म्हणाला, ‘मला नको ती पिशवी. मरू दे मला.’

आई भांड्यापाशी गेली. नर्सबाई ‘अहो, हात नका घालू’ म्हणेपर्यंत तिनं दोन्ही हात पाण्यात घातले होते. वरचं घाण वेष्टन तिनं स्वतः फाडून काढलं, आतली पिशवी ओंजळीत घेतली. बर्फ्या डोळे मिटणार होता...

पिशवी वितळली. बघता बघता. लाल, मऊ, हलती.

आई पलंगापाशी गेली. म्हणाली, ‘इतक्या लांबून आली आहे ती. तिला आत घे, बाळा.’

त्यानं हात पुढे केला. रडत होता, पण केला.

पिशवी संपत आली तसा खोलीभर तो वास पसरला. गोठवताना घातलेल्या औषधाचा असतो, रोग्याच्या श्वासातून येतो, कुजक्या लसणासारखा. एरवी नातेवाईक नाक धरून बाहेर पळतात. आई मात्र त्याच्या तोंडाजवळ तोंड नेऊन बसली होती. बर्फ्यानं दाराकडे पाहिलं. काच कोरडी होती, बाहेर कुणी नव्हतं.

पोरगा जगला. अजून आहे. आई त्याला घेऊन जावयाकडे राहायला गेली, ताईचं बाळ सांभाळते.

झालं, म्हणाल. बर्फ्याची गोष्ट इथेच संपते. थोडी माझी राहिली.

बापाच्या हाताची जखम भरेना. दुसरीकडची कातडी काढून लावायचं ठरलं, म्हणून त्याला रक्तगट तपासायला माझ्याकडे पाठवला. त्याचं जुनं कार्ड होतं, ए पॉझिटिव्ह. मी थेंब घेतला, काचपट्टीवर औषधांत मिसळला.

बी निगेटिव्ह.

मला वाटलं, नमुने बदलले माझ्याकडून. दुसरी पट्टी घेतली. दुसऱ्या हाताचं बोट टोचलं. बी निगेटिव्ह. औषधांची नवी बाटली फोडली. तेच. ज्याला पिशवी लावतात त्याचा गट बदलून दात्याचा होतो, हे आम्हाला नवीन नाही. पोराचा झालाच होता. पण ह्याला कुणी पिशवी लावली नव्हती. आणि पोरीचा गट काय होता, ते मला पाठ होतं. तिच्या आईचाही तोच.

मी त्याला सांगितलं. का, कसं, काही बोललो नाही, मला माहीतच नव्हतं. त्यानं काचपट्टीकडे पाहिलं. मग त्यानं बाही वर केली आणि हात टेबलावर ठेवला.

‘घ्या ना,’ म्हणाला. ‘पिशवीभर घ्या.’

मी त्याच्या बोटावर कापूस दाबला.

‘आज कुणाला नको आहे,’ मी म्हणालो.