शेजारच्या खुर्चीतला खोकला

ज्या वर्षी ओडीलच्या धाकट्या बहिणीला जुळ्या मुली झाल्या, ते वर्ष २०११. नोव्हेंबरात मुलींचा बाप्तिस्मा झाला. सगळे पाहुणे त्यांचे पापे घेत होते आणि सख्खी मावशी मात्र चर्चच्या शेवटच्या बाकावर एकटी बसून होती. पाहुण्यांतले दोघे खोकत होते.

ओडील बोल्डकला लहानपणापासून दमा. दुसऱ्याची चार दिवसांची सर्दी तिला महिनाभर पुरायची. मागच्या हिवाळ्यात तर तिच्या घशात नळी घालावी लागली होती, आणि डॉक्टर म्हणाले होते, पुन्हा ही वेळ आणू नका.

पण नोकरी सुटत नव्हती. ल्युइस्टन गावात घरं तापवायचं तेल पुरवणाऱ्या एका कंपनीत ती फोनवर बसायची. एका खोलीत बारा माणसं. एक दिवस घरी राहिलं की एक पॉइंट; मागच्या बारा महिन्यांत मिळून सहा झाले की नोकरी गेली. त्यामुळे ताप असो, घसा असो, माणसं येतच. ओडील स्वतःचा फोन स्पिरिटने पुसायची आणि जेवायला मागच्या काचेच्या पडवीत, कोट घालून एकटी बसायची.

बाप्तिस्म्यानंतरच्या सोमवारी त्या पडवीचं दार उघडलं. एक उंच माणूस हातात वाटाण्याच्या सूपचा डबा घेऊन उभा होता.

"बसलो तर चालेल?"

"थांबा! तिथेच थांबा." तिने हात वर केला. "खोकला?"

"नाही..."

"घसा? ताप? घरात कुणी आजारी?"

"घरात एक मांजर आहे. तब्येतीने माझ्यापेक्षा बरी."

"मग त्या टोकाला बसा."

"कॅनडाच्या हद्दीवरसुद्धा एवढं विचारत नाहीत हो."

"त्यांना श्वास फुकट मिळत असेल," ओडील म्हणाली.

तो हसला, आणि मुकाट्याने टोकाला जाऊन बसला. त्याचं नाव रेमी थेरियो. तो दुरुस्ती विभागातून बदलून आला होता, आणि त्याची खुर्ची नेमकी ओडीलच्या शेजारची निघाली.

दुसऱ्या दिवसापासून त्याने एक खूळच काढलं. सकाळी दारातच उभं राहायचं आणि मोठ्याने सांगायचं, "घसा साफ. नाक कोरडं. ताप नाही. रात्री झोप लागली नाही – पण त्याला कारण सर्दी नाही."

खोली हसायची. ओडील मान खाली घालून फोन पुसायची, पुसलेलाच पुन्हा पुसायची.

"पोरी, घे बाई त्याला आत," जर्मेन ओरडायची. "फोन वाजून वाजून फुटतील." जर्मेन उलेट त्या खोलीची मुख्य. वय एकोणसाठ, आवाज मोठा, मन त्याहून मोठं. ओडीलची लोकरीची टोपी तिनेच विणून दिलेली.

डिसेंबरात एका संध्याकाळी ओडील गाडीवरचं बर्फ खरडत होती. गार वारा छातीत शिरला आणि ती वाकली. रेमी धावत आला. त्याने आपला मफलर काढला, तिच्या नाकातोंडावरून दोनदा गुंडाळला आणि हात तसाच तिच्या पाठीवर ठेवला... श्वास शांत होईपर्यंत. ओडील मफलरच्या आत काहीतरी पुटपुटली.

"काय म्हणालीस?" त्याच्या तोंडून 'तू' कधी निघालं, त्यालाही कळलं नाही.

"मी नाही सांगणार," तिचे डोळे हसले. "तुझ्या मफलरला विचार."

जानेवारीत थुंकी जमिनीवर पडायच्या आत गोठावी अशी थंडी आली. फोन थांबेनात. अठरा तारखेला, बुधवारी, रेमी दारात उभा राहिला, पण नेहमीचं 'घसा साफ' म्हणाला नाही.

"ओडील..." तो म्हणाला, "घसा दुखतोय."

वडिलांच्या ऑपरेशनपायी रेमीचे पाच पॉइंट आधीच झाले होते.

"अरे, ओरडून बोलतोस ना, त्याने दुखत असेल," जर्मेन घाईने म्हणाली. "ही गोळी चघळ आणि बस. गेलास तर मला तुझं नाव वर कळवावं लागेल."

"बसलो तर तिच्याशेजारी बसेन."

"मग दुसरीकडे बस!"

"खोली एकच आहे, जर्मेन."

ओडील उठली. "मी जाते घरी. तू बस."

"तुझे किती झालेत?"

"चार."

"आणि हिवाळा किती उरलाय?" तो कसंनुसं हसला. "लाकडाच्या गिरणीत माणसं हवीच आहेत. नोकरी काय, दुसरी मिळते. तू..." पुढचं वाक्य शिंकेत गेलं. कोपरात तोंड खुपसून तो जिना उतरला.

बारा जणांसमोर एवढं बोलून तो गेला होता. ओडीलचे कान लाल झाले ते बराच वेळ लालच राहिले.

पण अशा थंडीत खुर्ची मोकळी ठेवून चालणार नव्हतं. घराघरांत नळ गोठत होते, लोक फोनवर रडत होते. तेव्हा रेमीच्या जागी जर्मेन स्वतः येऊन बसली. तिच्या तोंडाला चेरीच्या गोळीचा वास येत होता.

"बरं आहे ना, जर्मेन?" ओडीलने विचारलं.

"मला काय धाड भरलीय! हीटरच्या हवेने घसा कोरडा पडतो, दुसरं काय."

जर्मेनला सोमवारपासून ताप होता. रेमीला लागण झाली तीही तिच्याकडूनच. तिचेही पाच पॉइंट झाले होते, आणि नवऱ्याचं आठवड्यातून तीनदा होणारं डायलिसिस तिच्या नोकरीतून मिळणाऱ्या विम्यावर चाललं होतं. पोर घाबरेल म्हणून ती खोकला गिळत होती, गोळीवर गोळी चघळत होती.

इतकी वर्षं ओडीलने कुणाच्या 'बरं आहे' वर विश्वास ठेवला नव्हता. त्या दिवशी ठेवला. तिचं लक्ष तिथे नव्हतंच. ते जिन्यावरून कुणाच्या तरी मागे उतरून गेलं होतं.

रविवारी तिचा श्वास अडकायला लागला. सोमवारी तिला इस्पितळात नेलं.

रेमी रोज जायचा, पण वर जायचा नाही. खाली गाड्यांच्या आवारात, गुडघाभर बर्फात उभा राहून तिला फोन लावायचा. ती दुसऱ्या मजल्याच्या काचेशी टेकून बसायची.

"वर ये ना," गुरुवारी ती म्हणाली.

"खोकला आहे अजून."

"आता काय फरक पडतो?"

"पडतो. तुला बरं व्हायचंय."

"जर्मेन आली होती काल... मास्क लावून, दारातच उभी. फार रडली. मी म्हटलं, रडू नकोस, नाक वाहतं." ती हसायला गेली आणि तिला धाप लागली. "रेमी... आजवर जो तो म्हणायचा, थोडंसंच आहे, चालतं. माझ्यासाठी कुणी दारातून परत गेलं नव्हतं."

खाली त्याने बर्फातून एक पाऊल पुढे टाकलं. मग मान वर केली.

"लग्न करशील माझ्याशी?" एवढं विचारलं आणि त्याला खोकल्याची उबळ आली. ती संपेपर्यंत ओडील काचेवर तळवा ठेवून होती.

"आधी तो खोकला थांबव," ती म्हणाली. "मग वर ये... आणि समोर बसून विचार. मी 'हो' तयार ठेवते."

शुक्रवारी तिच्या घशात पुन्हा नळी घातली. रेमी अंधार पडेपर्यंत खाली उभा होता.

त्याचा खोकला रविवारी थांबला. ओडील बोल्डक आदल्या दिवशी, शनिवारी, २८ जानेवारी २०१२ ला दुपारी गेली. ती एकतीस वर्षांची होती.