अर्जाची मागची बाजू

आम्रपालीने आपल्या धाकट्या भावाला, रोहनला, मोठ्या मनाने माफ केलं. हे वाक्य नजरचुकीने आधी आलं आहे. तरी वाचकांनी ते वाचलंच नाही असं समजावं. कारण त्या रविवारी दुपारी चार वाजता, हडपसरच्या एका कॅफेच्या तळघरात, स्टँड-अप कॉमेडीच्या शोला, ‘ताई, तुझ्यासाठी सरप्राइज आहे’ म्हणून रोहनने पहिल्या रांगेत आणून बसवलेल्या आम्रपालीच्या अंतःकरणात क्षमेचा लवलेश नव्हता... होती ती निव्वळ किळस! शेजारची मुलगी चीजने माखलेली बोटं चाटत चाटत तिच्या आयुष्याला हसत होती, त्याची किळस.

माईकसमोर रोहन उभा होता, हातात पिवळा पडलेला एक कागद घेऊन.

“आमचे बाबा सरकारी क्लार्क. घरात तोंडी मागणी ग्राह्य नाही! मी सहा वर्षांचा असताना कुल्फीसाठी लेखी अर्ज केला. शेरा आला, ‘पुढील उन्हाळ्यात विचार करू.’ आणि ही माझी ताई. लोक नापास झाले की रडतात, घर सोडून पळतात. हिने अर्ज केला! ‘घरगुती कारणास्तव मला कॉलेज कायमचे सोडण्याची परवानगी मिळावी.’ आणि बाबांनी, गाइज... बाबांनी मंजूर केला!”

तळघर हसून लोळलं.

रोहन कागद डोळ्यांसमोर धरून वाचत होता, त्यामुळे कागदाची मागची बाजू प्रेक्षकांकडे होती. खाली ‘मागे पाहावे’ असं लिहिलेलं असूनही ती या पठ्ठ्याने कधी पाहिली नव्हती. तिथे आम्रपालीचं अठराव्या वर्षीचं वळणदार अक्षर होतं... आईला अर्धांगवायू झाला होता, आणि नऊ वर्षांच्या रोहनला अकोल्याला आत्याकडे धाडायचं घाटत होतं, त्या दिवसांतलं! ‘आईचे सर्व मी करीन. रोहनला आईपासून तोडू नये. त्याला खरे कारण सांगू नये. मी नापास झाले असे सांगावे.’

सत्तर माणसं त्या ओळींकडे तोंड करून बसली होती, आणि सत्तरच्या सत्तर हसत होती! अकरा वर्षं आईचा मळ काढताना जिला एकदाही ओकारी आली नव्हती, तिला ती आत्ता आली.

ती उभी राहिली. “रोहन्या, कागद उलटा कर.”

लोकांना वाटलं, हाही कार्यक्रमाचाच भाग. टाळ्या पडल्या. रोहनने हसत हसत कागद उलटला... वाचला... पुन्हा वाचला. माईकमधून त्याचा हुंदका घुमला, तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, “वा! काय टायमिंग आहे!”

आम्रपाली पदर तोंडाशी धरून जिना चढू लागली. तो धावत मागे आला.

“ताई, मला माहीत नव्हतं गं!”

“माहीत होऊ नये म्हणूनच लिहिलं होतं. पान उलटता येत नाही, आणि म्हणे इंजिनिअर.”

“पुढच्या शोला सगळं खरं सांगतो. एकदम व्हल्नरेबल होऊन! लोक रडतील, ताई...”

तुंबलेल्या गटाराकडे पाहावं तसं तिने त्याच्याकडे पाहिलं. “आधी हसवून विकलंस, आता रडवून विकणार? आईचं अंथरूण मी धुतलं रे... त्याला तिकीट तू लावणार?”

रोहन पायरीवर मटकन बसला. लहानपणी कुल्फी नाकारली गेल्यावर रडला होता, तस्साच रडू लागला. “चुकलो गं... माफ कर मला.”

“तोंडी ग्राह्य नाही,” ती म्हणाली. पण हात आपोआप त्याच्या केसांकडे गेला.

रोहनने डोळे पुसले, काउंटरवरून पेन आणि सॉसचा डाग पडलेला टिश्यू पेपर मागून आणला आणि गुडघ्यावर ठेवून लिहायला बसला. आम्रपालीने वाकून वाचलं. “शुश्रूषा चुकलंय,” ती कोरडेपणाने म्हणाली, आणि तिथेच, त्याच पायरीवर बसून वीस वर्षांचं साठलेलं रडली.

प्रति,
मा. वडील, कालकथित धोंडिबा,
विश्रांतवाडी.

विषय : वीस वर्षांपूर्वी मंजूर केलेला अर्ज रद्द करणेबाबत.

महोदय,
माझी बहीण आम्रपाली हिला पूर्वलक्षी प्रभावाने कॉलेजात परत रुजू करून घ्यावे. तिच्या जागी आईची शुश्रूषा करण्यास अर्जदार तयार आहे. अर्जदार त्या वेळी नऊ वर्षांचा होता, ही बाब विचारात घेऊ नये, ही नम्र विनंती.