दीड स्वर वर

जिन्यात कुणीतरी गात होतं… आणि असं मोकळं गात होतं, की डोरीन तिसऱ्या पायरीवरच थांबली. हातातली ओली छत्री बुटावर ठिबकत होती, तिचंही तिला भान राहिलं नाही.

वरच्या मजल्यावर मिस्टर पेटिफर राहायचे. रेकॉर्डचे प्रोड्यूसर तेच आणि वाद्यमेळ बसवणारेही तेच. त्यांनी लिहिलेल्या संगीतावरून एकेका वादकाचा कागद शाईने उतरवून द्यायचा, ही डोरीनची नोकरी. वीस वर्षांची पोर, पण हात इतका स्वच्छ की लंडनमधले म्हातारे व्हायोलिनवाले तिच्या अक्षरावर खूश असायचे.

ती दिसताच गाणारा गप्प झाला. उंचच उंच मुलगा, कानापर्यंत लाल.

"थांबलात का?" तिने विचारलं.

"दार उघडत नाहीत. थंडी घालवायला गात होतो."

"मग, गेली का?"

"तुम्ही आलात आणि… गेली," तो म्हणाला, आणि स्वतःच्याच धिटाईने आणखी लाल झाला.

त्याचं नाव अल्फ गारसाइड. महिन्यापूर्वीपर्यंत हल बंदराच्या धक्क्यावर मासळीच्या पेट्या उतरवत होता.

दार उघडलं ते ओठांवर बोट ठेवूनच. पेटिफरबाईंचं तान्हं बाळ नुकतंच झोपलं होतं! मग काय, अल्फ पियानोशेजारी उभा राहून अगदी दबक्या, खालच्या आवाजात गायला. पेटिफरनी मान डोलावली. "मऊ आवाज आहे. हीच पट्टी धरू." आणि त्याच पट्टीत त्यांनी सगळं लिहून टाकलं.

स्वयंपाकघरातल्या टेबलाशी डोरीनची लेखणी अडली. अगं बाई, हा तो आवाजच नव्हे!

संध्याकाळी बस थांब्यावर दोघांनी एकाच पुडक्यातून गरम बटाट्याचे काप खाल्ले.

"तुमचा आवाज याहून वर जातो, हे त्यांना सांगितलं का नाहीत?"

"मी? त्यांना? एकच रेकॉर्ड देतायत हो. येत्या शुक्रवारी जमलं तर जमलं, नाहीतर परत मासळी. आणि वर गेलं की आवाज फाटतो माझा… माणसांसमोर."

"जिन्यात नाही फाटला."

"जिन्यात तुम्ही आहात, हे कुठे माहीत होतं!"

शेवटचा काप त्याने तिच्यापुढे धरला. तिने तो घेतला, आणि बस आली तेव्हा उगाचच दोनदा मागे वळून पाहिलं.

रविवारी दुपारी ती कागद उतरवायला बसली. पेटिफर मँचेस्टरला गेले होते, शुक्रवारी सकाळी परतणार होते. पहिला सूर लिहिताना तिचा हात थांबला… आणि तिने तो दीड स्वर वर लिहिला. मग दुसरा, मग तिसरा. सोळाच्या सोळा कागद तिने वरच्या पट्टीत लिहिले, कुणाला न सांगता. आठवडाभरात अल्फ तीनदा चहाला भेटला, 'तुम्ही'चं 'तू' झालं. दर वेळी तिने ठरवलं, आज सांगायचं. आणि दर वेळी नुसती साखर ढवळत बसली.

शुक्रवारी दुपारी दोनला स्टुडिओचा लाल दिवा लागला. वेळ तीन तासांची. पाचच्या ठोक्याला वादक वाद्यं पेटीत घालणार, तो त्यांचा नियम. पेटिफरनी हात उचलला, पहिले सूर वाजले, आणि हात तसाच राहिला.

"हे मी लिहिलेलं नाही. कुणी केलं?"

डोरीन उठून उभी राहिली. "मी."

"उतरवणाऱ्याने उतरवायचं, पोरी!"

सोळा कागद पुन्हा लिहायला वेळ कुठला? अल्फ पांढराफटक पडला होता. "डोरीन, अगं, मला तरी विचारायचंस!"

पहिल्या खेपेला वरच्या सुरावर त्याचा आवाज फाटला. दुसऱ्या खेपेला फाटला. साडेचार वाजले आणि पाचव्यांदाही फाटलाच. डोरीनला वाटलं, याचं हलचं तिकीट मीच काढलं, स्वतःच्या हाताने. देवा, कुठे तोंड लपवू?

"मिस्टर पेटिफर," अल्फ मायक्रोफोनमधून म्हणाला, "तिला इथे माझ्यासमोर उभं करा."

"कशाला?"

"फाटायचाच असेल, तर तिच्या तोंडावर फाटू दे."

वादक हसले. डोरीन जाऊन उभी राहिली, हातभर अंतरावर. श्वाससुद्धा टेपवर उमटेल, म्हणून तिने तोही धरून ठेवला. अल्फ तिच्याकडे बघत गायला लागला. तो सूर जवळ आला… तिने डोळे मिटले नाहीत, त्यानेही नाही. सूर लागला. स्वच्छ, भरलेला, जिन्यातल्यासारखाच. लाल दिवा विझला आणि व्हायोलिनवाल्यांनी शाबासकीला गज स्टँडवर ठकठक आपटले.

पेटिफरनी चष्मा पुसला. "चालेल ही रेकॉर्ड. पळेलसुद्धा." मग ते तिच्याकडे वळले. "आणि तू सोमवारपासून येऊ नकोस. तुझा कान बरोबर निघाला, मान्य. चुकला असता तर या मुलाचं काय झालं असतं?"

तिने मान हलवली. त्यांचं खरं होतं, म्हणून तर ते जास्त लागलं.

बाहेरच्या बोळात अल्फ धावत आला. "मी बोलतो त्यांच्याशी!"

"नको. त्यांचं बरोबर आहे." तिने कोटाची बटणं लावली. "आता तू गावोगाव गाशील. पोरी मागे लागतील तुझ्या. मला भीती वाटतेय रे… दुपारी वाटली त्याहून जास्त."

"उद्या काय करतेस?"

"उद्या? काही नाही. नोकरी गेलीय माझी."

"आणि परवा?"

"परवाही गेलेलीच असेल!"

तो हसला. तीही हसली, आणि हसता हसता तिचे डोळे वाहायला लागले.

"खरं सांग," तो हळूच म्हणाला, "एवढा जीव टांगणीला लावलास… गाण्यासाठीच ना?"

"गाण्यासाठी केलं असतं, तर साहेबांना आधी विचारलं असतं," ती म्हणाली. "तुझ्यासाठी केलं. म्हणून कुणाला विचारायचं सुचलंच नाही."

पेट्या घेऊन वादक शेजारून जात होते. त्यांच्यादेखत त्याने तिचा हात धरला. टेप ऐकायला ये, म्हणून आतून त्याला दोनदा हाक आली. तो गेला नाही.