पुलावरचा गुरुवार

त्या गुरुवारी सकाळी डॅमरिसनं वडिलांपुढे लापशीचा वाडगा ठेवला आणि नेहमीप्रमाणे त्यांच्या तोंडाकडे न बघता पायांकडे बघितलं. बूट चढवलेले होते. म्हणजे आजही जायचं होतं... बाहेर मार्चातला बारीक, चिवट पाऊस लागला होता. म्हातारी मोलकरीण हेस्टर चुलीशी वाकून, असल्या हवेत कुत्रंसुद्धा उंबरा ओलांडत नाही, असं स्वतःशीच पण सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या बेतानं पुटपुटत होती. हॅल्डनकोटचे पाद्री जोसाया पेल, वय वर्षं अडुसष्ट, यांनी मुकाट्यानं लापशी संपवली, वाडगा स्वतः उचलून ठेवला आणि काठी घेऊन ते निघाले. कुठे, ते त्यांनी सांगितलं नाही. गेली साडेतीन वर्षं सांगितलं नव्हतं आणि तिनंही विचारलं नव्हतं; कारण आपल्याला ते ठाऊक आहे अशी तिची खात्री होती.

चारेक वर्षांपूर्वी इंग्लंडचा राजा जेम्स फ्रान्सला पळाला, त्याची मुलगी आणि डच जावई सिंहासनावर बसले आणि हुकूम निघाला की देशातल्या प्रत्येक पाद्र्यानं नव्या राजाराणीच्या निष्ठेची शपथ घ्यावी, नाहीतर चर्चही सोडावं आणि त्यासोबतचं घरही. एका अभिषिक्त राजाला देवासमक्ष दिलेलं वचन तो जिवंत असताना दुसऱ्याला देता येत नाही, हे डॅमरिसला लहानपणी मांडीवर बसवून शिकवलं होतं ते वडिलांनीच. नदीपलीकडच्या गावचे पाद्री गर्वासकाका, वडिलांचे थोरले भाऊ, त्या शब्दाला जागले. त्यांनी बत्तीस वर्षांचं घर सोडलं आणि लोकरीच्या एका पडक्या कोठारात बिऱ्हाड थाटलं. वडिलांनी मात्र मुदतीच्या अगदी शेवटच्या दिवशी, दुपारी, गावाला जाऊन शपथ घेतली. परत आल्यावर टोपी खुंटीला लावत एवढंच म्हणाले, "कोठारात थंडी फार असते, पोरी."

त्या थंडीचा तिला केवढा तिटकारा आला होता! खोकल्यानं महिनाभर अंथरुणाला खिळलेली ती, तेव्हा अठ्ठावीस वर्षांची, उशीवर तोंड फिरवून पडून राहिली. आणि ज्या माणसाला देवाखालोखाल मानलं तो उबेसाठी विकला गेला हे शल्य तिच्या काळजात कायमचं रुतून बसलं. पुढे दर रविवारी वडील प्रार्थनेत नव्या राजाचं नाव घेत, आणि अख्खं चर्च मान न वळवता पाद्र्याच्या मुलीचे ओठ हलतात का ते बघत असे. ते हलत नसत.

गुरुवारचं तिला कळलं ते गिरणीवालीकडून. काकांच्या कोठारात दर गुरुवारी जुन्या राजासाठी प्रार्थना होई. वीसबावीस माणसं जमत, चोरून, कारण ते गुन्ह्यात मोडत होतं. तिकडे जायचा रस्ता एकच, पुलावरून. आणि पुलावर कोण उभं असे? गिरणीवालीनं खांदे उडवले. तुझे वडील, दुसरं कोण. माणसं मोजत असतात, आम्ही आपल्या शाली तोंडावर ओढून जातो. डॅमरिस स्वतः एकदा झाडाआडून बघून आली. वडील पुलाच्या कठड्याला टेकून गावच्या शिपायाशी बोलत होते, डोक्याला डोकं लावून, चांगला अर्धा तास. मग गेल्या ऑक्टोबरात एका गुरुवारी मॅजिस्ट्रेटच्या माणसांनी कोठाराला वेढा घातला. काका दोन महिने तुरुंगात पडले आणि सुटले ते एका कानानं बहिरे होऊन. त्या दिवसापासून ती वडिलांशी लागेल तेवढंच बोलू लागली. मीठ, मेणबत्त्या, सरपण...

ते दुपारी परतले तेव्हा कोटातून पाणी निथळत होतं. ओठ निळे पडले होते. डॅमरिस कपडे वाळत घालत होती. तिनं वळूनही न बघता विचारलं, "आज किती जणांची नावं दिलीत?"

वडिलांनी ओली टोपी खुंटीला लावली. "आज कुणी आलंच नाही," ते म्हणाले. "पाऊस होता ना."

म्हणजे ते नाकारतही नव्हते.

रात्रीपासून ताप चढला. तिनं सेवेत कुठेही कसूर केली नाही. सूप भरवलं, चादरी बदलल्या, छातीला चरबी चोळली, पण तोंडातून शब्द काढला नाही. रविवारी त्यांनी तिचा हात धरला, तेव्हा चमचा घ्यायचा आहे अशा बतावणीनं तिनं तो सोडवून घेतला. सोमवारी पहाटे ते गेले, कुणालाही हाक न मारता, जसे दर गुरुवारी घराबाहेर पडत तसेच.

मंगळवारी दुपारी ओबेड क्रेन चीजचा गड्डा काखेत धरून दारात आला. हा शेतकरी. गावात शिपाईपणाची पाळी आळीपाळीनं येते, त्याची सलग तीन वर्षं होती आणि गेल्या नाताळातच संपली होती. डॅमरिसनं त्याला बस म्हटलं नाही. तो आपणच बसला, टोपी गुडघ्यावर ठेवली आणि बराच वेळ तिच्या कडा कुरवाळत राहिला.

"ताई, तुमची बदकं किती होती हो?" त्यानं विचारलं.

डॅमरिसला वाटलं, हा प्यायला आहे. बदकं? या घरात बदकं कधी पाळलीच नव्हती.

"तेच म्हणतो मी," ओबेड म्हणाला. "आणि तीन वर्षं दर गुरुवारी ती चोरीला जात होती."

मग त्यानं सगळं सांगितलं. मॅजिस्ट्रेटचा हुकूम होता, गुरुवारी कोठाराकडे चक्कर टाक. तो पुलाशी आला की पाद्रीबाबा हजर. शिपाई, माझी बदकं चोरीला गेली, तक्रार लिहून घे. पांढरं होतं, मान लांब होती, एक डोळा अधू होता... एकेका बदकाचं असं वर्णन की ऐकणाऱ्याला ते डोळ्यांसमोर चालताना दिसावं. एवढ्यात पलीकडे कोठारातली माणसं हळूहळू पांगत. वर एवढा मोठा देवमाणूस मुद्दाम आडवा उभा राहतोय म्हटल्यावर ओबेडही घाई करत नसे. त्यालाही बायको होती, आणि ती त्याच कोठारात गुडघे टेकून बसलेली असे.

"मी एकदा म्हटलं त्यांना, बाबा, आत जाऊन प्रार्थना करा की, मी काही बघत नाही. तर म्हणाले, मी शपथ मोडलेला माणूस, ओबेड, मला आत जागा नाही; दाराशी राखण करतो, तेवढं पुरे."

हेस्टर एप्रनमध्ये तोंड घालून रडू लागली होती. डॅमरिस रडली नाही. शपथ का मोडली, हे तिनं चार वर्षांत पहिल्यांदाच स्वतःला विचारलं, आणि उत्तर छातीत जुन्या खोकल्यासारखं दाटून आलं. थंडी कुणाला बाधणार होती...!

"मग ऑक्टोबरात?" तिनं कसंबसं विचारलं.

ओबेडनं मान खाली घातली. त्या दिवशी मॅजिस्ट्रेटची माणसं बरोबर होती. त्यानं पुलावर घोडा मुद्दाम रेंगाळत ठेवला, खोगीर सैल झालंय म्हणाला, नाल तपासला. "पण त्या एका गुरुवारी बाबा आलेच नाहीत, ताई. का नाही आले, देव जाणे."

देवाखेरीज आणखी एकीला ते माहीत होतं. त्या सकाळी, वडिलांचा चहाडखोरपणा एकदा तरी मोडून काढायचा म्हणून, डॅमरिसनं त्यांचे बूट पिठाच्या पेटीत लपवले होते. ते दुपारपर्यंत घरभर शोधत फिरले, शेवटी पायमोज्यांनीच अंगणात उतरले आणि फाटकापाशी थबकले. कारण तेवढ्यात नदीपलीकडून आरडाओरडा ऐकू आला होता. नावं त्यांनी आधीच पोचवली असणार, असंच तेव्हा तिनं धरलं होतं. संध्याकाळी बूट जागेवर होते. त्यावरचं पीठ त्यांनी स्वतः झटकलं आणि ब्र काढला नाही. ना त्या दिवशी, ना नंतर कधी.

बुधवारी अंत्यविधी होता. गाव जमलं होतं, पण दोनदोन-तीनतीनच्या टोळक्यांत, एकमेकांकडे चोरून बघत. काही जण फक्त पाद्र्याला खरंच पुरतात का ते बघायला आले असावेत. आणि चर्चच्या दफनभूमीच्या फाटकाबाहेर, रस्त्यावर, काळा झगा विरलेले गर्वासकाका उभे होते. नव्या राजाचं नाव जिथे घेतलं जातं त्या आवारात ते पाऊल टाकत नसत. डॅमरिस शवपेटीमागून निघाली आणि सरळ त्यांच्याकडे गेली.

तिनं बदकांचं सांगितलं. काकांनी तिच्याकडे रोखून बघितलं. "बदकं?" ते म्हणाले. "जोसी बदकांना भ्यायचा. लहानपणी तळ्यावरून मी त्याला पाठुंगळी घेऊन यायचो." हसता हसता त्यांचे डोळे भरून आले आणि हात फाटकाच्या कडीवर गेला. पण तो तिथेच थांबला. त्यांचा आवाज पुन्हा कठीण झाला. तीन वर्षं जो एक दिवस चुकला नाही, तो नेमका त्याच दिवशी घरी का बसला? त्याला आधी कळलं होतं म्हणून? तेवढं सांग, पोरी, म्हणजे मी आत येतो. नाहीतर इथूनच परत जातो.

शवपेटी खड्ड्याच्या काठाशी पोचली होती. लोक माना वळवून फाटकाकडे बघत होते. गिरणीवाली पुढेच होती, कान टवकारून. एवढं एक वाक्य बोललं की वडील सुटणार होते, आणि आयुष्यभर या गावात राहायचं होतं तिला.

ती काहीतरी पुटपुटली.

काकांनी चांगला कान पुढे केला. "ऐकू येत नाही मला. मोठ्यानं बोल."

डॅमरिस वळली. काकांकडे नव्हे, उघड्या खड्ड्याकडे, पेटीकडे, त्या साऱ्या तोंडांकडे तोंड करून उभी राहिली आणि चर्चच्या भिंतीवरून आवाज परत यावा इतक्या मोठ्यानं म्हणाली,

"बाबांना कुणी काही कळवलं नव्हतं. ते निघालेच होते. त्यांचे बूट मी लपवले होते... मी. मला वाटलं होतं, माझा बाप चहाडखोर आहे. बाबा, मी चुकले. तुमचं काहीच चुकलं नव्हतं, बाबा."