रांगेतला शेवटचा

"खाली जायची वाट कुठून हाय हो?"

घोडमाळाच्या निम्म्या चढावर, एका दगडावर बसून, तो सीताफळ खात होता. ओठाला गर लागलेला, पायाशी बियांचा ढीग, आणि चेहरा असा की वाट चुकणं हा जणू सुट्टीचाच एक भाग आहे. शीला थांबली. तिच्या मागं सगळी रांग थांबली.

"जिथून वर आलात तिथूनच," ती म्हणाली.

"तेच तर आठवंना गेलंय."

मागून कुणीतरी खुदकन हसलं. शीलालाही हसू येत होतं, पण पुढं चालणाऱ्यानं लगेच हसायचं नसतं असं तिचं मत होतं.

शीलाचं पूर्ण नाव धम्मशीला. राहायला झरीत, नोकरी परभणीला एका विमा कचेरीत. साक्षी नावाच्या मैत्रिणीला हाताशी धरून तिनं रविवारची भटकंती सुरू केली होती. आमच्याकडं जमीन एवढी सपाट, की डोंगर बघायला जायचं म्हटलं की लोक सह्याद्रीचं नाव काढतात. शीलाला याचा राग यायचा. जिंतूरच्या पुढं, येलदरी धरणाच्या पाण्याला लागून टेकड्या आहेत, भादव्यात गवत कमरेएवढं होतं, आश्विनात सीताफळं फुटायला येतात, आणि घोडमाळाच्या माथ्यावरून पाणी दिसतं ते नजर पोचेल तिथपर्यंत. हे सगळं ती लोकांना चालवत नेऊन दाखवायची.

"आमच्या मागून चाला," ती त्या माणसाला म्हणाली. "सगळ्यात शेवटी. आणि एक ध्यानात ठेवा, शेवटच्या माणसानं कुणाच्याच पुढं जायचं न्हाई. त्याच्या मागं जो राहिला, तो राहूनच जातो."

"म्हणजे वाट चुकलेल्याकडंच राखण दिली की तुमी."

"चुकलेला माणूस जपून चालतो," शीला म्हणाली, आणि वळली. वळल्यावर मात्र हसली.

त्याचं नाव मार्तंड. परभणीच्या कृषी विद्यापीठात प्रयोगशाळेत कामाला. वडील खंडोबाच्या देवळात पूजेला, म्हणून हे नाव. हे सगळं शीलाला त्याच दिवशी जीपमध्ये कळलं, कारण तिनं न विचारताच तो सांगत होता. पुढच्या रविवारी तो पुन्हा आला. त्याच्या पुढच्याही. आणि रांगेतली शेवटची जागा हळूहळू त्याचीच झाली.

आता यात एक गंमत होती. रांग सांभाळायची दोघांनी, एकानं पुढून आणि एकानं मागून. त्यामुळं ज्या दोघांना एकमेकांशी बोलायचं होतं, नेमके तेच रांगेच्या दोन टोकांना. मधे पंधरा-वीस माणसं, त्यांच्या पिशव्या, त्यांच्या गप्पा. वळणावर शीला मागं बघायची ते रांग नीट येतेय का म्हणून... असं ती स्वतःला सांगायची. लांब खाली त्याची पांढरी टोपी दिसली की मगच तिचं पाऊल पुढं पडायचं.

मार्गशीर्षात बोरं पिकली. एका रविवारी मागून हातोहात काहीतरी पुढं येऊ लागलं. "शीलाताईला द्या" असा निरोप होता. ओंजळभर बोरं निघाली होती म्हणे, पण वाटेत ज्यानं त्यानं एकेक उचललं आणि शीलाच्या तळहातावर आलं ते एकच. तिनं ते खाल्लं आणि बी कितीतरी वेळ गालात ठेवलं.

पुढच्या वेळी आवळे आले. करकरीत, तुरट. एकही कमी झाला नव्हता.

"जे कुणी खाईना ते मला देता व्हय?" माथ्यावर बसल्यावर तिनं विचारलं.

"पोचलं की न्हाई पण?" तो म्हणाला. "मला पोचण्याशी मतलब."

त्यानं हे सहज म्हटलं, पण म्हणताना तिच्याकडं बघितलं, आणि मग दोघंही उगाच पाण्याकडं बघत बसले. वाऱ्यानं तिची ओढणी त्याच्या हातावर आली. तिनं ती ओढून घेतली नाही... त्यानंही हात हलवला नाही. शेजारी मालनमावशी धपाटं खात होत्या. त्या निवृत्त आरोग्यसेविका, गुडघ्यांनी कुरकुरणाऱ्या, चालायला सगळ्यात हळू. मार्तंड कायम त्यांच्याच मागं असायचा. त्यांनी दोघांकडं पाहिलं आणि धपाट्यात लक्ष घातलं.

असं ते चाललं होतं. बोलायचं राहून जात होतं. शीलाच्या घरी बुद्धवंदना आणि त्याच्या घरी खंडोबाची आरती, हे दोघांनाही ठाऊक होतं. आपल्या घरी काय होईल याचा शीलानं हजारदा विचार केला होता आणि तरीही तिची तयारी होती. फक्त त्यानं म्हणायला हवं होतं. एकदा त्यानं म्हटलं की पुढचं ती बघणार होती.

माघात पळस फुलला. शनिवारी संध्याकाळी तिनं त्याला फोन केला.

"उद्या पाहुणे येणारेत. मानवतचे. संध्याकाळी."

तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मार्तंड..."

"ऐकायलोय," तो म्हणाला. "उद्या माथ्यावर मी पुढं येतो. तुझ्यापाशी. मला बोलायचंय."

तो पहिल्यांदाच तिला 'तू' म्हणाला होता. शीलानं त्या रात्री ठरवून टाकलं. तो पुढं आला तर घरी जाऊन पप्पांना सांगायचं, पाहुण्यांना चहा देऊन परत पाठवा. आणि नाही आला तर... तो न येण्याचा तिनं विचारच केला नव्हता.

रविवारी ती सगळ्यांच्या आधी माथ्यावर पोचली. खाली पाणी चमकत होतं, उतारावर पळसाची झाडं पानं गाळून नुसत्या फुलांनिशी उभी होती. एकेक करत माणसं येऊन बसली, डबे उघडले गेले. पांढरी टोपी दिसेना. तिनं शिट्टी वाजवली. त्यांची पद्धत अशी, की पुढच्यानं शिट्टी दिली की मागच्यानं एक शिट्टी द्यायची, म्हणजे सगळं ठीक आहे. दोन दिल्या, की मदतीला या.

खालून एकच शिट्टी आली.

सगळं ठीक होतं, तर मग तो येत का नव्हता? शीला वाट बघत राहिली. डबे खाऊन झाले, पाण्याच्या बाटल्या रिकाम्या झाल्या, उन्हाचा चटका बसू लागला. साक्षी दोनदा म्हणाली, "निघायचं का? तुझ्याकडं पाहुणे हायत." शेवटी शीला उठली. उतरताना तिला तो निम्म्या वाटेवर दिसला, मालनमावशींच्या शेजारी सावलीत बसलेला. तो झटक्यानं उठला. काहीतरी बोलण्यासाठी त्यानं तोंड उघडलं, पण तिच्या मागं सगळी रांग होती, आणि ती थांबली नाही. जीपमध्ये ती ड्रायव्हरशेजारी बसली आणि झरी येईपर्यंत बाहेर बघत राहिली. उतरल्यावर तिनं फोन बंद करून टाकला.

मानवतच्या मुलाचं नाव सुगत. शाळेत शिक्षक, सावळा, बोलायला जरा बुजरा. मोठ्यांनी दोघांना मागच्या अंगणात बोलायला पाठवलं तेव्हा तो आधी नुसताच पेरूच्या झाडाकडं बघत राहिला.

"एक सांगतो," मग तो म्हणाला. "माझं एक लग्न मोडलंय. पत्रिका वाटून झाल्यावर. मुलीचं मन दुसरीकडं होतं. तिची चूक न्हाई, तिला कुणी विचारलंच नव्हतं. पण माझी आई वर्षभर घराबाहेर पडली न्हाई. म्हणून मी विचारतो... तुमचं मन नसंल तर आजच सांगा. मी घरात जाऊन म्हणतो की मलाच पसंत न्हाई. तुमच्यावर काही येणार न्हाई."

इतक्या सरळपणानं शीलाला आजवर कुणी काही विचारलं नव्हतं. तिला ती एकच शिट्टी आठवली. सगळं ठीक आहे. जो पुढं येतो म्हणाला होता तो आला नाही, आणि हा परका माणूस मात्र समोर उभा राहून विचारत होता.

"माझं मन आहे," ती म्हणाली.

लग्न बुद्धपौर्णिमेच्या सुमारास धरलं. मार्तंड पुढच्या रविवारीही आला, त्याच्या पुढच्याही. शेवटीच चालला. मागून आता काही येत नव्हतं. "अभिनंदन," एवढंच त्यानं एकदा म्हटलं, आणि तिनं "थँक्यू" म्हटलं. दोघंही इतके शहाण्यासारखे वागत होते की साक्षीला रडू यायचं.

चैत्रातल्या शेवटच्या भटकंतीला, उन्हाच्या आधी म्हणून, सगळे झुंजूमुंजू असतानाच निघाले. पाणी खूप आटलं होतं, काठचा गाळ भेगाळला होता. माथ्यावर मालनमावशी शीलाजवळ येऊन बसल्या आणि तिचा हात हातात घेऊन म्हणाल्या,

"आता तू जायलीस, तर एक सांगते. रागवू नको माय."

"काय मावशी?"

"माघात मला चक्कर आली होती बघ, चढावर. साखर उतरली. डोळ्यापुढं अंधारच. त्या मार्तंडाला त्या दिवशी लय घाई. सारखा वर बघायलाय, उठायलाय, बसायलाय. मी म्हणलं, जा बाबा, मी बसते इथं. तर म्हणतो, 'न्हाई मावशी, शेवटच्या माणसाला जाता येत न्हाई.' त्यानं दोन शिट्ट्या द्यायला हात वर केला, तर मीच धरला. म्हणलं, पोरीला कळलं तर ती मला पुन्हा आणायची न्हाई. घरात बसून बसून मी मरून जाईन रे. शपथ घातली त्याला, म्हणून एकच दिली... गूळ चारला त्यानं मला, माझ्याच पदरानं वारा घातला. पोटच्या पोरानं केलं नसतं एवढं केलं बघ."

शीलानं मागं वळून पांढरी टोपी शोधली. तो नियम तिनंच त्याला शिकवला होता. आणि तो त्यानं पाळला म्हणून तिनं त्याला टाकलं होतं.

उतरताना तिनं साक्षीला पुढं घातलं. मावशींचा हात धरून साक्षी निघाली, रांग वळणाआड गेली, आणि शीला थांबून राहिली. मार्तंड जवळ आला. पहिल्यांदाच दोघं शेजारी शेजारी चालू लागले.

"मावशींनी सांगितलं," ती म्हणाली.

त्यानं वाटेतला एक खडा पायानं बाजूला सारला.

"मला का न्हाई सांगितलंस? नंतर तरी?"

"आलो होतो," तो म्हणाला. "त्याच संध्याकाळी. फोन लागंना, म्हणून गाडी काढली आन् झरीला आलो. तुमच्या दारात लय चपला होत्या. मी विचार करायलोय आत जावं का न्हाई, तेवढ्यात तुझे पप्पा बाहेर आले. लय खूश होते. म्हणले, 'पोरीनं स्वतः हो म्हणलंय.' हातावर पेढा ठेवला."

"मग?"

"मग काय... खाल्ला."

शीला तिथंच बसली. त्याच वाटेवर, तापू लागलेल्या दगडावर. ओढणीनं तोंड झाकून ती रडली, आवाज न करता. तो समोर उकिडवा बसला. हात पुढं केला आणि मागं घेतला.

"काय बोलणार होतास त्या दिवशी?" तिनं विचारलं. "आता बोल. मला ऐकायचंय."

"आता कशाला..."

"बोल मार्तंड."

"हेच की... मला तुझ्यासोबत चालायचंय. कायमचं. आईला मी आधीच सांगितलं होतं. चार दिवस बोलली न्हाई माझ्याशी. मग म्हणली, घेऊन ये, बघू तरी कशी हाय."

ते ऐकून तिला वाटलं, आपण आत्ता उठावं, याचा हात धरावा आणि तसंच झरीला जावं. पप्पा रागावतील, महिनाभर बोलणार नाहीत, पण समजून घेतील. एवढं सोपं होतं ते. मग तिला मानवतची ती माउली आठवली, वर्षभर घराबाहेर न पडलेली. आता पत्रिका घेऊन ती दारोदार हसत फिरत होती.

"त्यानं मला विचारलं होतं," शीला म्हणाली. "समोर उभं राहून विचारलं होतं, मन हाय का. मी हो म्हणाले. मला कुणी भाग पाडलं नव्हतं. आता त्या माणसाला मी दुसऱ्यांदा... न्हाई जमणार मला."

"मला माहीत हाय," मार्तंड म्हणाला. "म्हणून तर मी गप्प होतो."

"मला तू आवडतोस. हे तुला माहीत असावं एवढंच."

त्यानं मान हलवली. डोळे भरले होते, ते त्यानं टोपीनं पुसले. मग दोघं उठले आणि उतरू लागले, जितकं हळू उतरता येईल तितकं हळू. खाली जीप दिसू लागली तेव्हा वाट अजून बरीच बाकी होती, तरी शीलाला ती फार थोडी वाटली. शेवटच्या वळणाशी त्यानं तिला पुढं जाऊ दिलं.

त्या संध्याकाळी सुगतचा फोन आला. शीला गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढत होती.

"हसणार न्हाई ना?" त्यानं विचारलं. "मी बूट घेतलेत. डोंगर चढायचे. दुकानदार म्हणला, घरात घालून फिरा, न्हाई तर पाय सोलतील. तर आठ दिवस झाले घरात घालून फिरायलोय. आई हसायली."

शीला दोरीला धरून उभी राहिली.

"तुमी रविवारचं जाता ना, ते बंद करू नका लग्नानंतर," तो म्हणत होता. "मला पण न्या. मला काहीच येत न्हाई, मी आपला तुमच्या मागं मागं चालीन. तो घोडमाळ का काय म्हणता, तिथंच आधी जाऊ. तुमाला लय आवडतो ना तो..."

किती चांगला माणूस होता. तेच तिला सहन होईना. तिनं एक मोठा श्वास घेतला, आवाज सरळ केला.

"जाऊ," ती म्हणाली. "तुम्ही म्हणाल तिकडं जाऊ. फक्त तिथं नको."

"का? अवघड हाय का लय?"

"हो," शीला म्हणाली. "मला आता चढवणार न्हाई तो."